तंजावरला जाताना वही विसरू नका

प्रवासाची तयारी सुरू झाली की आपण बायका किती लांबलचक यादी करतो! दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुलांचे कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, सुईदोरा, सेफ्टी पिना, कुलूप-किल्ल्या... ही यादी प्रत्येकीला पाठच असते. तिच्यात आणखी एकच जिन्नस घाला, एवढं सांगण्यासाठी मी आज तुमच्यापुढे आले आहे. एक शंभरपानी वही आणि दोन टोक केलेल्या पेन्सिली!

"वही कशाला? मोबाईल आहे की!" असं तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथली मुलंही मला हेच म्हणतात. फळ्याचा फोटो काढला की अभ्यास झाला, अशी त्यांची समजूत. पण खरं सांगा, मागच्या सहलीत काढलेले ते तीनशे फोटो तुम्ही पुन्हा किती वेळा पाहिलेत? आणि पाहिलेत तरी त्या खानावळीतल्या रस्समची चव कशामुळे आली होती, देवळातल्या आजींनी कुठल्या व्रताची गोष्ट सांगितली होती, ते त्या फोटोत सापडलं का? चित्र दिसतं, पण त्यामागचं बोलणं उडून जातं. ते धरून ठेवायला वहीच लागते.

हाताने लिहून ठेवण्याचं मोल कळावं म्हणून एखादं गाव दाखवायचं झालं, तर मी तुम्हाला तंजावर दाखवीन. तमिळनाडूतलं, कावेरीच्या काठच्या हिरव्यागार भातशेतांमधलं हे गाव. तिथे दगडावर, ताडपत्रावर आणि कागदावर, तिन्हीवर माणसांनी नोंदी करून ठेवल्या आहेत. आणि त्यातल्या कितीतरी आपल्या मराठीत आहेत, बरं का!

आम्ही गेलो ते जानेवारीच्या अखेरीला. तिकडे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचा पाऊस असतो आणि मार्चनंतर ऊन चटके देतं, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारी हाच काळ बरा. मैसूरहून बंगळूरमार्गे तंजावरला जाणारी रात्रीची गाडी आहे. आम्ही ती बंगळूरला धरली. विमानानं जायचं तर तिरुचिरापल्लीला उतरायचं, तिथून तंजावर साठेक किलोमीटर. आमच्याबरोबर माझ्या सासूबाई होत्या, वय बहात्तर. "मला कशाला नेता, तुमची अडचण होईल," असं म्हणत म्हणत पिशवी मात्र त्यांनीच आधी भरली होती!

पहिल्या दिवशी सकाळी लवकर उठून बृहदीश्वराच्या देवळात गेलो. तिकडे सगळे त्याला 'मोठं देऊळ' म्हणतात. चोळ राजा राजराज पहिला याने बांधलेलं हे देऊळ १०१० साली पूर्ण झालं. १९८७ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. दोनशे फुटांहून उंच शिखराकडे मान वर करून पाहिलं, की डोक्यावरचा पदर खाली पडतो! दुपारी देऊळ काही तास बंद असतं आणि अनवाणी पायांना फरसबंदी फार तापते, म्हणून सकाळीच जावं हे उत्तम.

शिखर सगळेच पाहतात. मी तुम्हाला सांगेन की शिखराखालचं जोतं पाहा. त्या जोत्यावर चारी बाजूंनी तमिळ लेख कोरलेले आहेत. आपल्याला ते वाचता येत नाहीत, पण आमच्याबरोबरच्या वाटाड्याने त्यांचा अर्थ सांगितला आणि मी भराभर पेन्सिल चालवली. राजाची आज्ञा अशी की, आम्ही देवाला जे दिलं ते, आमच्या थोरल्या बहिणीने दिलं ते, आमच्या राण्यांनी दिलं ते आणि इतरांनी दिलं ते, सगळं दगडावर लिहावं. थोरली बहीण म्हणजे कुंदवै. पाहा, हजार वर्षांपूर्वी बाईनं दिलेल्या दानाची नोंद तिच्या नावावर झाली. भावाच्या खात्यात जमा झाली नाही!

आणि नोंद तरी किती काटेकोर! दागिन्याचं वजन, त्यातल्या मोत्यांची संख्या, सोनं कुठल्या मापाच्या वजनानं तोललं, सगळं लिहिलेलं. अखंड नंदादीपासाठी किती जनावरं द्यायची त्याचा हिशेब तर मला फारच आवडला. एका दिव्यामागे ९६ मेंढ्या, नाहीतर ४८ गायी, नाहीतर १६ म्हशी. म्हणजे त्यांच्या दुधातुपातून रोजचं ठरलेलं तूप दिव्याला मिळायचं. एक म्हैस म्हणजे तीन गायी आणि एक गाय म्हणजे दोन मेंढ्या, हे गणित कुणा राजपंडिताचं वाटत नाही. घरात रोज लोणी कढवणाऱ्या कुणा बाईलाच विचारून केलं असावं, असं माझ्या मनात आलं!

देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तिकांची यादीही तिथेच आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या गावच्या देवळातून आली ते, आणि तिचं घर कुठल्या रस्त्याच्या कुठल्या ओळीत आहे तेही. सासूबाई त्या दगडावरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ठाऊक नाही, आणि या नाचणाऱ्या पोरींचे पत्ते अजून राहिलेत!" मी काही बोलले नाही. पण ते वाक्य लगेच वहीत लिहून घेतलं.

त्याच आवारात, नैर्ऋत्येकडच्या ओवरीच्या भिंतीवर गेलात, तर तुम्ही चकितच व्हाल. तिथला लेख तुम्हाला वाचता येतो! अक्षरं आपली बाळबोध, भाषा मराठी. भोसले घराण्याचा हा इतिहास सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली कोरून घेतला. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापलं, हे आपण शाळेत शिकतो. पण घरापासून इतक्या लांब, तमिळ मुलखात, मराठी ओळी भिंतभर वाचताना घशात काहीतरी दाटून येतं. आमची मुलगी सातवीत आहे. ती एकेक शब्द जुळवत मोठ्याने वाचू लागली, तेव्हा आजूबाजूचे चार लोक कौतुकानं थांबले.

दुसरा दिवस राजवाड्यासाठी ठेवा. वाड्यातच ते प्रसिद्ध सरस्वती महाल ग्रंथालय आहे. मूळ संग्रह नायक राजांच्या वेळचा, पण तो वाढवला सरफोजीराजांनी. १७९८ साली ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनी सरकारने आपल्या हातात घेतला. राजांकडे उरला किल्ला आणि वाडा. दुसरा एखादा राजा ऐषारामात बुडाला असता. यांनी पुस्तकं जमवली! १८२० ते १८२२ अशी काशीयात्रा केली, तीही मोठ्या लवाजम्यानिशी, आणि येताना पोथ्या घेऊन आले. विकत आणलेल्या इंग्रजी पुस्तकांवर त्यांची सही असे. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांसाठी खुलं झालं. तिथे चाळीस हजारांहून जास्त हस्तलिखितं आहेत. बहुतेक संस्कृत, पण मराठीही तीन हजारांवर. शिवाय मोडी कागदांची रुमालात बांधलेली शेकडो दप्तरं आहेत.

पाहुण्यांना यातलं थोडंच पाहायला मिळतं, तेही काचेआड. आम्ही गेलो तेव्हा त्या दालनात फोटो काढू देत नव्हते. आजूबाजूचे लोक हिरमुसले होते. माझी पेन्सिल मात्र खुशीत होती. ताडपत्राची एक पट्टी पाहिली. लोखंडी टोकाच्या लेखणीने पानावर अक्षर कोरायचं, मग काजळी चोळायची, की कोरलेल्या रेघांत काळं भरून अक्षर उठून दिसतं. एक ओळ लिहायला किती वेळ लागत असेल! लिहिणारा प्रत्येक शब्द आधी मनात तोलून मगच कोरत असणार.

आणि मग त्या कागदांशी आलो, ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहायचं ठरवलं. सरफोजीराजांना वैद्यकाची फार आवड. 'धन्वंतरी महाल' नावाची संस्था त्यांनी काढली होती. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सगळ्या पद्धतींचे वैद्य तिथे होते. डोळ्यांच्या रोग्यांचे त्या काळचे कागद ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. रोग्याला काय होतंय, काय उपचार केले, याची नोंद, आणि रोगट डोळ्याचं हातानं काढलेलं रंगीत चित्र. बुबुळावरचा पडदा, लाल झालेल्या शिरा, सगळं कसं नेमकं! दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा गरीब माणसाचा डोळा आपल्याकडे टक लावून पाहतो.

सासूबाई तिथून हलेचनात. शेवटी हळूच म्हणाल्या, "काल देवळात समया लावल्या ना, मला त्यांच्याभोवती गोल गोल कडी दिसत होती. उजव्या डोळ्यानं."

"आई, कधीपासून?" मी विचारलं.

"कुणाला आठवतंय! असेल दिवाळीपासून."

त्या रात्री लॉजवर मुलं झोपल्यावर मी त्यांच्याजवळ वही घेऊन बसले. त्या काळातल्या वैद्यांनी रोग्याला विचारलं असेल तसंच एकेक विचारत गेले. डोळे खाजतात म्हणून दीड वर्षापूर्वी, नणंदेकडे राहायला गेल्या असताना, तिथल्या एका डॉक्टरांनी थेंब दिले होते. बरं वाटलं, म्हणून त्या बाटली संपली की दुकानातून तशीच दुसरी आणवत. बाटली पिशवीतच होती. तिच्यावरचं नाव मी अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. दिवसातून किती वेळा, कुठल्या सणापासून सुरू, मध्ये कधी बंद होते, कडी कधी दिसली, डोकं कुठल्या बाजूला दुखतं, सगळं तारखांच्या अंदाजासह लिहिलं. सणवारांच्या आधारानं त्यांना भराभर आठवत गेलं. "नागपंचमीला नव्हते थेंब, गौरींना होते," असं.

परत आल्यावर नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कुठले थेंब घालत होतात?" बहुतेक लोक म्हणे सांगतात, "पांढरी बाटली, निळं झाकण." आम्ही वही पुढे केली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि तपासणी केली. डोळ्यातला दाब बराच वाढला होता. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. ते दीर्घकाळ घातलं तर काहींच्या डोळ्यांत दाब वाढतो, काचबिंदू होतो आणि नजर कडेकडेने जाऊ लागते, हे त्यांनी समजावून सांगितलं. थेंब बंद केले, दाब उतरवण्याचे दुसरे सुरू झाले. काही आठवड्यांत दाब खाली आला. उजव्या डोळ्याची कडेची थोडी नजर गेली ती गेलीच, ती परत येत नाही. पण उरलेली वाचली. सासूबाई आजही तांदूळ स्वतः निवडतात आणि त्यातला खडा माझ्याआधी त्यांनाच सापडतो.

म्हणून सांगते मैत्रिणींनो, डॉक्टरांनी दिलेले डोळ्यांचे थेंब त्यांना न विचारता पुन्हा पुन्हा आणू नयेत. आणि घरातल्या प्रत्येकाच्या औषधपाण्याचं एक पान वहीत असावं.

आता थोडं स्वयंपाकघराकडे वळू या, नाहीतर तुम्ही रागवाल! सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतीही मराठीत लिहून ठेवलेल्या आहेत. 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावानं त्या ओळखल्या जातात. लिहिल्या म्हणून त्या राहिल्या. याच्या उलट गोष्ट आपल्या लाडक्या सांबाराची. तंजावरच्या शहाजीराजांकडे संभाजीमहाराज पाहुणे म्हणून आले, आमटीला आमसुलं नव्हती म्हणून चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून तिला 'सांबार' म्हणू लागले, असं तिकडे हौसेनं सांगतात. गोष्ट गोड आहे, पण ती सांगोवांगी. त्या दिवशी मुदपाकखान्यातल्या कुणी "आज आमटीत चिंच" एवढी एक ओळ लिहून ठेवली असती, तर आज वादच राहिला नसता!

तंजावरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं अजून आहेत. घरात मराठी बोलतात. तिच्यात तमिळ हेल आहे आणि शब्द जुने. अशाच एका घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. तिथल्या काकूंनी पानात वाढलेली 'डांगर पच्चडी' खाऊन पाहिली, तर ती आपल्या उडदाच्या डांगराची बहीणच निघाली! वहीतून उतरवून देते. उडदाची डाळ कोरडी, खमंग भाजून दळून ठेवावी. एक वाटी घट्ट दह्यात दोन मोठे चमचे पीठ, मीठ, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून सारखं करावं. वरून मोहरी-हिंगाची फोडणी. पीठ ऐनवेळी कालवावं, नाहीतर ते दही पिऊन घट्ट होतं. काकूंनी हे सांगितलं ते त्यांच्या आजेसासूबाईंच्या वहीत पाहून. वहीची पानं पिवळी, कडा झिजलेल्या, आणि जिथे तिथे हळदीची बोटं!

अशी जुनी वही तुमच्याही घरी असेल. तिला कसर लागू नये म्हणून सरस्वती महालातली युक्ती करून पाहा. तिथे वेखंड, कलौंजी, लवंग, मिरी आणि दालचिनी यांची भरड, थोडा कापूर घालून, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधतात आणि पोथ्यांशेजारी ठेवतात. सगळं आपल्या मसाल्याच्या डब्यातलं नि वाण्याकडचं! पुरचुंडी कागदावर नको, शेजारी ठेवावी, आणि वास उडाला की बदलावी.

आता शास्त्र काय म्हणतं तेही सांगते. २०१४ साली अमेरिकेतल्या पाम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या दोघा संशोधकांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. संगणकावर टिपणं घेणारे जवळजवळ शब्दन्‌शब्द उतरवत. हातानं लिहिणाऱ्यांचा वेग कमी, त्यामुळे त्यांना निवड करावी लागे. आणि समजुतीच्या प्रश्नांत तेच पुढे राहिले. नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले, त्यांत मात्र फरक इतका स्पष्ट दिसला नाही. तेव्हा वहीनं बुद्धी वाढते, असं मी म्हणणार नाही. पण हात हळू चालतो म्हणून मन थांबून निवडतं, एवढं तर आपण यादी करतानाही अनुभवतो.

सवय लावायची कशी? फार नेम धरू नका, नाहीतर संक्रांतीला सुरू केलेली वही शिमग्याला बंद पडते. मी एवढंच पाळते: पानाच्या डोक्यावर तारीख आणि गाव. माणसाचं नाव आणि नातं. वस्तूचं माप आणि भाव. कुणी काही मोलाचं बोललं तर त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी. रात्री दिवा मालवण्याआधी दहा ओळी, जास्त नाहीत. शाई पाण्यानं पसरते, पेन्सिल पसरत नाही, म्हणून प्रवासात पेन्सिलच. आणि वहीच्या शेवटच्या पानांवर घरातल्या प्रत्येकाचं औषध, ते कधी सुरू झालं आणि कशानं त्रास होतो, हे लिहून ठेवते. अक्षर वाईट असलं तरी चालेल. ही वही परीक्षकाकडे जाणार नाही!

तंजावरला जायला सगळ्यांनाच जमेल असं नाही. पण पहिलं पान लिहायला कुठे जावं लागत नाही. आज दुपारी सगळी निजानीज झाली की घरातल्या सर्वांत वडील बाईजवळ बसा आणि तिला विचारा, तिच्या आजीचं माहेरचं नाव काय होतं? तिला आठवलं तर लगेच लिहून घ्या. नाही आठवलं तर तिच्या आईचं विचारा. निदान तिथून तरी नोंद सुरू होऊ दे.